डायनिंग कारचा तळ का सुटला?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "तुझ्या डायनिंग कारचा तळ सुटलाय. सवडीनं ये. आणि येताना ती झटपट चिकटवायची ट्यूब आणू नकोस, नुसतं भिंग आण."

हे आमचे शेजारचे काका. रेल्वेत परमनंट वे, म्हणजे रुळांच्या खात्यात, त्यांनी उभी हयात काढली. दख्खनच्या राणीवर जीव. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली आणि जून २०२२ पासून नव्या एल.एच.बी. डब्यांनी धावते. काकांच्या मनात मात्र जुना आय.सी.एफ. डबाच, त्यातही डायनिंग कार. त्यांच्या पंचाहत्तरीला तोच डबा एच.ओ. स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, करून द्यायचा असं मी ठरवलं. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री जागून केला, दिला. मे महिन्यात तो उसवला. त्या उसवण्याची ही हकिकत. माझ्या चुका त्यात आहेत तशाच ठेवल्या आहेत.

आधी मॉडेल कसं होतं ते सांगतो. खरा डबा साधारण २१.३ मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे मॉडेल २४५ मिलिमीटर लांब आणि ३७ रुंद. असा डबा बाजारात तयार किटमध्ये मिळाला नाही, म्हणून सगळं घरचंच. बाजू आणि तळ १ मिलिमीटरच्या पांढऱ्या स्टायरीन शीटचे. छत अर्ध्या मिलिमीटरच्या दोन शीट एकावर एक डकवून वाकवलेलं. खिडक्या अॅक्रिलिकच्या, नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून आणलेल्या कातरणीतून. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या, चौकटी ए.बी.एस.च्या, जुन्या सामानातल्या. बॅटरी बॉक्स आणि पाण्याच्या टाक्या मित्राच्या थ्री-डी प्रिंटरवर पी.एल.ए.मध्ये छापून घेतलेल्या. बोगी ज्यावर फिरते ती बुश अॅसिटलची. आणि तळाच्या दोन्ही कडांना अख्ख्या लांबीचे पितळी एल-अँगल, ते सोलबार. म्हणजे पाच जातींचं प्लास्टिक आणि एक धातू.

आणि ग्लू? दोन. स्टायरीनला मॉडेलवाल्यांचं पातळ सिमेंट, बाकी सगळ्याला झटपट ग्लू. बॅटरी बॉक्स "प्लास्टिकच तर आहेत" म्हणून सिमेंटनं लावले. माझी सगळी निवड एवढ्यात उरकली होती. बाटलीवर "स्ट्राँग" लिहिलेलं असलं की पुढचा विचार करायची गरज वाटत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

काकांच्या घरी जाऊन पाहिलं तर एक सोडून पाच गोष्टी बिघडलेल्या. डावा सोलबार दोन्ही टोकांनी सुटून मधल्या चार-पाच सेंटिमीटरवर लोंबत होता. दोन बॅटरी बॉक्स शोकेसच्या तळाशी पडलेले. एका बोगीची बुश निघालेली. छताची टोकं वर उचललेली, जेमतेम मिलिमीटरभर, पण दिसायला पुरेशी. आणि खिडक्यांच्या काचांवर कडेकडेनं पांढरट धुरकटपणा. हा शेवटचा प्रकार मला भेट देण्याआधीच दिसला होता. "रंगाची पावडर असेल" अशी मी मनाची समजूत घातली होती.

काकांनी सोलबार हातात घेऊन भिंगातून पाहिला. "ग्लू कुठं राहिलाय बघ." ग्लूचा काचेसारखा पापुद्रा सगळा स्टायरीनवर होता. पितळ धुतल्यासारखं स्वच्छ.

तुटलेला सांधा हा पंचनाम्यासारखा वाचायचा असतो. ग्लू एकाच बाजूला राहिला, तर दुसऱ्या बाजूला तो धरलाच नव्हता. ग्लू दोन्हीकडे फाटून राहिला, तर ग्लू स्वतःच कमी पडला. आणि सांध्याशेजारचं प्लास्टिकच मोडलं, तर सांधा मालापेक्षा मजबूत झाला. यापेक्षा जास्त कुठल्याही बाटलीकडून मागता येत नाही. माझ्या डब्यातल्या स्टायरीन-स्टायरीन सांध्यांपैकी एकही सुटला नव्हता. सुटले होते ते सगळे दोन वेगळ्या जातींमधले.

याचं कारण पातळ सिमेंटच्या कामात आहे. त्याला सिमेंट म्हणतात खरं, पण ते चिकटवत नाही, विरघळवतं. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीत मुख्यतः अॅसिटोन आणि ब्युटिल अॅसिटेट असतं. ब्रशचं टोक फटीला लावलं की ते केशाकर्षणानं आत धावतं, दोन्ही कडा मऊ करतं, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि द्रावक उडून गेलं की मागे परका पदार्थ उरतच नाही. हे वेल्डिंगच आहे, फक्त ज्योत नाही. ते साधायला दोन्ही बाजू त्या द्रावकात विरघळणाऱ्या हव्यात. स्टायरीन विरघळतं, ए.बी.एस. विरघळतं. पी.एल.ए.ला अॅसिटोन नुसतं ओलं आणि थोडं मऊ करून उडून जातं. माझे बॅटरी बॉक्स तीन महिने बहुधा रंगाच्या थरानं धरून ठेवले होते! त्यांची पाठ पाहिली तर छापताना उमटलेल्या रेघा जशाच्या तशा, चकचकीत.

पण सोलबारचं दुखणं एवढ्यानं संपत नव्हतं. पितळ मी नीट घासलं नव्हतं, हे कबूल. मग उजवा सोलबार का टिकला? तोही त्याच पट्टीतून कापलेला, त्याच रात्री, त्याच ट्यूबनं लावलेला.

काका खिडकीकडे बघत होते. शोकेस पश्चिमेच्या खिडकीशी. डब्याची डावी बाजू काचेकडे.

"आमच्या काळी तेरा मीटरचे रूळ टाकायचे," ते म्हणाले, "दोन रुळांत फट का सोडायचो?"

"उन्हानं वाढतात म्हणून."

"किती वाढतात?"

मी गप्प. मग त्यांनीच वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. १३ मीटर आणि ४० अंशांचा फरक धरला तर जवळपास ६ मिलिमीटर. फट नसेल तर रूळ जागा शोधतो आणि आडवा वाकतो. हल्ली रूळ लांबच लांब वेल्ड करतात, फटी गेल्या. पण तिथेही स्लीपर, खडी आणि क्लिपांनी तो ताण दाबून धरावा लागतो आणि टोकांना प्रसरण-सांधा ठेवावाच लागतो. "तू दोन वेगळे रूळ एकमेकांना वेल्ड केलेस," काका म्हणाले, "आणि टोकाला काहीच ठेवलं नाहीस."

घरी येऊन आकडे पाहिले. स्टायरीन एका अंशाला मीटरमागे साधारण ७० ते ८० मायक्रॉन वाढतं, पितळ १९. म्हणजे प्लास्टिक पितळेच्या चौपट. २४५ मिलिमीटर लांबी आणि २५ अंशांचा फरक (पहाटेचा गारवा ते पश्चिमेच्या उन्हात तापलेली काचेची पेटी) धरला, तर स्टायरीन ०.४६ मिलिमीटर वाढणार आणि पितळ ०.१२. फरक ०.३४. ऐकायला काहीच नाही. पण ग्लूचा थर केसाहून पातळ, आणि झटपट ग्लू वाळला की काचेसारखा कडक. तो ताणला जात नाही, तडकतो. शिवाय हा ताण सगळ्या लांबीवर सारखा वाटला जात नाही. मध्यावर शून्य, टोकांना सगळ्यात जास्त. म्हणून सोलबार दोन्ही टोकांकडून उसवत मध्यापर्यंत आला आणि मध्यावर लोंबत राहिला. उजवा सोलबार सावलीत होता.

हे उमगल्यावर थोडा वेळ मी नुसताच बसलो. डबा करताना ग्लू "स्ट्राँग" आहे एवढंच पाहिलं होतं, आणि हा सांधा ग्लू कडक होता म्हणूनच मोडला होता.

"पितळ घेतलंसच कशाला, स्टायरीनचीच पट्टी लावायचीस," असं मॉडेल करणारा कुणीही म्हणेल. खरं आहे. पण दीड मिलिमीटरचा स्टायरीनचा एल-अँगल एवढ्या लांबीवर शेवग्याच्या शेंगेसारखा वळतो, आणि डब्याच्या बाजूनं बघणाऱ्याची नजर पहिली त्या रेषेवर जाते. पितळ सुतात राहतं. ते मला सोडायचं नव्हतं.

दुसऱ्यांदा हात घालण्याआधी कोणता तुकडा कोणत्या जातीचा, हे एकदा नीट पाहून घेतलं. जुन्या सामानातल्या तुकड्यांवर खुणा नसतात आणि विकणारा सगळ्यालाच "पी.व्ही.सी." म्हणतो. स्वयंपाकघरातल्या दोन वाडग्यांवर बरंच काम झालं. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं पाणी. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन साध्या पाण्यातच तरंगतं; ते दिसलं की सिमेंटची बाटली बंद करून ठेवायची, कारण त्याला कुठलंही द्रावक लागू पडत नाही आणि नेहमीचा ग्लूही धरत नाही. स्टायरीन आणि ए.बी.एस. साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. पी.एल.ए. दोन्हींत बुडतं, अॅसिटल तर दगडासारखं. अॅक्रिलिक मिठाच्या पाण्यात काठावर पास होतं, त्यावर फार विसंबू नये. तुकड्याला चिकटलेला बुडबुडा बोटानं पुसायचा, नाहीतर तो खोटी साक्ष देतो.

स्टायरीन आणि ए.बी.एस. मात्र वाडग्यात वेगळे कळत नाहीत. त्याला संत्रं. सालीतलं तेल म्हणजे लिमोनिन. थर्मोकोलवर साल पिळली की खड्डा पडतो तो त्याच्यामुळे, कारण थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं स्टायरीन. ए.बी.एस.ला ते सहसा धक्का लावत नाही. थ्री-डी प्रिंटिंगवाले ए.बी.एस.च्या वस्तूला स्टायरीनचे टेकू छापून ते लिमोनिनमध्ये विरघळवून टाकतात, ते याच भरवशावर. साल पिळून दोन मिनिटांनी नख लावलं तर स्टायरीन चिकट लागतं. आमच्याकडे त्या आठवड्यात बोगीच्या चौकटींना संत्र्याचा वास येत होता.

मग दुरुस्ती.

सोलबारचा मधला ४० मिलिमीटरचा भागच तेवढा पक्का केला. तिथे पितळ १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवंतिडवं घासलं, अॅसिटोननं पुसलं, नंतर बोट लावलं नाही. स्टायरीनवरचा रंग पार खरवडला; रंगावर चिकटवलं तर ग्लू रंगाला धरतो आणि रंग ज्याला जेवढा धरेल तेवढाच सांधा. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर. पाच मिनिटांत धरणारा नाही, रात्रभर घेणारा. वेळ मिळाला की पट्टी सुतात आणता येते, आणि फट असली तरी तो ती भरून काढतो. झटपट ग्लूला केसाएवढी फटही जास्त होते. टोकांना मात्र काहीच चिकटवलं नाही. स्टायरीनचे छोटे कंस सिमेंटनं तळाला वेल्ड केले आणि पितळ त्यांच्या खाचेत नुसतं बसवलं, पुढेमागे सरकायला अर्धा-अर्धा मिलिमीटर सोडून. काकांच्या भाषेत, प्रसरण-सांधा.

बॅटरी बॉक्ससाठी ग्लू शोधत बसलो नाही. पी.एल.ए. साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मॉडेल राहिलं तर ते वाकणारच, सांधा कितीही पक्का असो. डायक्लोरोमिथेननं ते स्टायरीनला वेल्ड झालं असतं, पण त्याच्या वाफा वाईट, आणि साधे नायट्राइल हातमोजे तो द्रव फार वेळ अडवत नाहीत. दोन डब्या स्टायरीनच्या पट्ट्यांतून नव्यानं केल्या, दीड तासात. परकी जात काढूनच टाकता येत असेल तर ते सगळ्यात सोपं.

अॅसिटलच्या बुशवर मी एक संध्याकाळ वाया घालवली. घासली, ग्लू लावला, सुकल्यावर नखानं टोकरली की टिचकन सुटायची. हे प्लास्टिक मुळात निसरडं असावं म्हणूनच वापरतात. त्यानं ग्लूला धरावं ही अपेक्षाच चूक. शेवटी एम-२चा स्क्रू आणि नट. दहा मिनिटं.

छताचा दोष कुणाला दिसला नसता तरी मला झोपू देत नव्हता. दोन मोठ्या शीट एकमेकींवर डकवताना मी मधे सिमेंट भरपूर ओतलं होतं. कडा लगेच मिटल्या आणि मधलं द्रावक आत अडकलं. ते आठवडेच्या आठवडे प्लास्टिकमधून झिरपत बाहेर येतं आणि जाताना शीटला ओढतं. नव्या छताच्या आतल्या शीटला दर पंधरा-वीस मिलिमीटरवर भोक पाडलं, सिमेंट त्या भोकांतून थेंबाथेंबानं सोडलं, आणि रंगवण्याआधी दोन आठवडे साच्याला बांधून माळ्यावर ठेवलं. घरचे विचारायचे, वर पापड वाळत घातलेत का.

याच फेरीत बाजू आणि तळाचा सांधाही सुधारला, तो सुटलेला नसताना. शीटची नुसती कड तळावर उभी केलेली होती. सांध्याची रुंदी १ मिलिमीटर, म्हणजे २४५ मिलिमीटर लांबीवर तेवढंच, २४५ चौरस मिलिमीटर क्षेत्र. आतून २ बाय २ची स्टायरीन पट्टी कोपऱ्यात बसवली, की ती तळाला ४९० आणि बाजूला ४९० चौरस मिलिमीटर धरते. ग्लू तोच, ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. डबा कुणी बाजूनं दाबून उचलला तर सांधा सोलला जातो, आणि सोलण्यापुढे सगळेच ग्लू दुबळे. रुंद पट्टी तो ताण सोलण्याऐवजी दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवण्याकडे वळवते.

आता खिडक्या. झटपट ग्लू, म्हणजे ज्याला आपण सगळे फेविक्विक म्हणून ओळखतो ते सायनोअॅक्रिलेट, पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं घट्ट होतं. घट्ट होईपर्यंत त्याची थोडी वाफ उडते, आजूबाजूला बसते आणि तिथेच गोठते. तोच पांढरा धूर. बंद डब्यात वाफेला जायला वाट नाही, म्हणून आतून सगळ्यात जास्त. गंमत अशी की हॅरी कूव्हर यांच्या हाती हे रसायन १९४२ मध्ये आलं ते बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. जिथे तिथे चिकटतं म्हणून तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं. ग्लू म्हणून बाजारात आलं १९५८ मध्ये. पारदर्शक वस्तूच्या शोधात सापडलं, आणि पारदर्शक वस्तूचंच वाटोळं करतं.

पातळ सिमेंट काचांना लावायचा मोह टाळला, कारण अॅसिटोननं अॅक्रिलिकवर बारीक तडे जातात. पाट्या करणारे अॅक्रिलिकला सुईतून क्लोरोफॉर्म सोडतात आणि सांधा स्फटिकासारखा करतात. पण तो त्यांचा रोजचा हात आहे, आणि माझ्या खोलीला एकच खिडकी. तसंही काचेवर भार कसला? ती पडू नये एवढंच. तिथे फेविकॉलच्या जातीचा, पाण्यात कालवलेला आणि पारदर्शक वाळणारा ग्लू टाचणीच्या टोकानं कडेला फिरवला. दोन्ही बाजू प्लास्टिक, पाणी शोषून घ्यायला कुणी नाही, म्हणून वाळायला पूर्ण दिवस लागला. सांडलेलं ओल्या कापसानं पुसता आलं, ही चैन दुसऱ्या कुठल्याच ग्लूत नाही. कापसावरून आठवलं: झटपट ग्लू सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडू देऊ नका. तो इतक्या वेगानं घट्ट होतो की चटका बसतो, धूरही निघतो. माझ्या एका बनियनला त्याचा पुरावा आहे.

वजनाचं एक राहिलं. डबा हलका असला की वळणावर रूळ सोडतो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एच.ओ.साठी शिफारस एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. माझ्या डब्याला ती १६५ ग्रॅमच्या आसपास जाते. लोखंडी नट तळावर इपॉक्सीत बसवले. शिशाचे छर्रे पांढऱ्या ग्लूत बसवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. शिसं त्यात हळूहळू गंजून फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी आतून डबा फोडतं.

ऑगस्टमध्ये डबा काकांकडे परत गेला. शोकेस त्यांनी हलवली नाही. "मुद्दाम तिथेच ठेवणार," म्हणाले. जानेवारीतल्या एका पहाटे बोलावून घेतलं, डाव्या सोलबारच्या टोकाला कंसाच्या कडेशी अगदी टोकदार पेन्सिलीनं रेघ मारायला लावली आणि पेन्सिल माझ्याकडून काढून घेतली, पुन्हा खोडून मारू नये म्हणून.

मे महिन्यात दुपारी चारला पुन्हा फोन. गेलो तर काचेतून ऊन थेट डब्यावर. काकांनी भिंग पुढे केलं. रेघ कंसाच्या आत गेली होती, नखाच्या कडेएवढी. हिशेबानं त्या टोकाला ०.१७ मिलिमीटर यायला हवं होतं, मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं. सोलबार सुतात होता. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि शेजारी दुसरी रेघ मारून तारीख घातली.